बेरीज जुळेपर्यंत

मंदा,

तुला जाऊन महिनाही झाला नाही आणि तुझ्या भावाने तुझ्या मशीनचा निकाल लावायचं ठरवलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आणलेली भांडी परत न्यायला विलास आला होता. चहा पिता पिता भिंतीशी घरघरणाऱ्या त्या काळ्या डब्याकडे पाहत म्हणाला, "भाऊजी, ताई तं गेली. आता हे डबडं कायले चालू ठेवता? बंद करा न देऊन टाका भंगारात." माझा राग कुठे बसलेला असतो ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, "विलास, तुह्या लग्नात तू बँडवाल्यासमोर लोळून लोळून नाचला होता, ते सारं या डबड्यात आहे. देऊ भंगारात?" विलास उरलेला चहा एका घोटात संपवून भांडी घेऊन गेला.

त्याला गप्प केलं, पण त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची लग्नं तू त्या डब्यात ठेवून गेलीस. मी जन्मभर खाणीच्या वजनकाट्यावर कोळशाच्या गाड्या मोजलेला माणूस. तू नसताना हे मला सांभाळता येईल का? घरात दिवसभर लोक येतात, फोटोसमोर फुलं ठेवतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात, आणि मी मान हलवत मनात हाच हिशेब करत बसलेला असतो.

लोक काय बोलतात ते सांगतो. तू किती सोशिक होतीस, किती शांत होतीस, असं सांगतात. मला हसू येतं. शांत! मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावात नवरीच्या मावश्यांनी जिभेने उलूउलू असा गजर करत तुला कोपऱ्यात ढकललं, तेव्हा तू खुर्चीवर चढून सगळ्यांना दमात घेतलं होतंस. त्यांना मराठी कमी कळत होतं, पण तू काय म्हणतेस ते सगळ्यांना कळलं. कॅमेरा घेऊन तू पहिल्यांदा बाहेर पडलीस तेव्हा घुग्घुसच्या चौकात पानठेल्यावरचे लोक म्हणायचे, "हे बाई कुठी चालली तोप घेऊन?" तू पदर कमरेला खोचलास आणि सरळ त्यांच्याच तोंडावर कॅमेरा धरलास. दुसऱ्या दिवसापासून तेच लोक तुला 'शूटिंगवाली बाई' म्हणून आपापल्या घरच्या लग्नाला बोलावू लागले.

आणि काम तर असं की मी कितीही तोंड वाकडं केलं तरी नावं ठेवायला जागा सापडायची नाही. आपल्या बौद्ध लग्नांत नवरी पांढऱ्या साडीत, मांडव भर उन्हात. बाकीच्या शूटिंगवाल्यांच्या व्हिडिओत नवरीच्या जागी नुसता उजेड दिसायचा. तुझ्या व्हिडिओत साडीच्या काठावरचा धागा दिसायचा. मी हे तुझ्यासमोर एवढं मोकळेपणी बोललो नसेन, पण काटाघरात आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला बोललोय. भद्रावतीपासून बल्लारपूरपर्यंतचे ट्रकवाले तुझ्या साडीच्या काठाची गोष्ट ऐकून कंटाळले होते.

तुझी एक पद्धत मात्र कुणाला जमली नाही. नवरीला सासरी वाटे लावायच्या आधी तू तिच्या बापाला एका खुर्चीवर बसवायचीस, शर्टाला माईक लावायचीस आणि एवढंच विचारायचीस, "पोरीले काय सांगता?" बापलोक हमखास गडबडायचे. कुणी नुसता रडायचा, कुणी म्हणायचा, "सगळे जेवले का?" एकजण गाईबद्दलच बोलत बसला होता. तू मध्ये तोडायची नाहीस. आपल्याकडे कोणी ना कोणी परत येऊन हेच मागणार, हे तू तेव्हापासून ओळखून होतीस.

लोक खरंच परत येत. मी म्हणायचो, "त्याइचं त्याइले देऊन टाकलं ना तू. मंग आपल्या घरात काऊन गोडाऊन?" तू म्हणायचीस, "दिलंच आहे. पण हरवतात ना जी लोकं. म्हणून तं येतात." आपलं हे भांडण कधी मिटलं नाही. तू दवाखान्यात होतीस तेव्हाही मी तेच म्हटलं आणि तू ऑक्सिजनच्या नळीतून तेच उत्तर दिलंस. शेजारच्या पलंगावरची बाई आपल्याकडे बघतच राहिली.

कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या, तेव्हा तू नागपूरहून जुन्या हार्ड डिस्क आणल्यास आणि हे मशीन घरीच जोडून जुन्या कॅसेटींसकट सगळी लग्नं त्यात भरलीस. शोकेसच्या खालच्या कप्प्यात ते बसवलंस, वर आपले कपबशांचे सेट. मला समजावून सांगितलंस तेही माझ्याच धंद्याच्या भाषेत. "तुमी भरल्या ट्रकाचं वजन करता, रिकाम्याचं करता, तं आतला कोळसा न पाहता समजते ना तुमाले? हे तसंच आहे. या साऱ्या डिस्कांमधे लग्नं आहेत आन ही शेवटची डिस्क हाये नुसत्या बेरजेची. तिले पॅरिटी म्हणतात. एखादी डिस्क मेली तं बाकीच्या पाहून अन् बेरीज पाहून तिच्यातलं सारं परत काढता येते." मला ते एका दमात समजलं आणि उगाच वाटलं की हे मशीन मीच बनवलंय.

महिन्यातून एकदा तू बेरीज तपासायला लावायचीस. सकाळी लावली की संध्याकाळपर्यंत चालायची. पहिली काही वर्षं शून्य चूक यायची. मग एके दिवशी चुका आल्या. पुढच्या महिन्यात परत आल्या, वेगळ्याच जागी. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी तिसरीकडे.

इथून आपलं दुसरं भांडण सुरू झालं. तपासणी लावताना पडद्यावर एक चौकट येते. त्यात खूण केली की मशीन सापडलेली चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून टाकतं, नवी बेरीज लिहून मोकळं होतं. ती खूण आधीपासूनच केलेली असते. तू दर वेळी ती काढायचीस. मी तुझ्या खांद्यावरून पाहत म्हणायचो, "अवं, मशीन सोता म्हणून राह्यली की दुरुस्त करतो. करू दे ना तिले."

"काय दुरुस्त करन ते?"

"बेरीज."

"आन बेरीज बरोबर असन, डिस्क वाचताना चूक होत असन तं? खरी बेरीज मिटवून खोटी लिहून ठीवन ना ते. कोण खोटं बोलून राह्यलं ते समजल्याशिवाय मी काई लिहू देत नाई."

हे तू इतक्या ठामपणे म्हणायचीस की मला शाळेतल्या बाकावर उभं केल्यासारखं वाटायचं. पण खोटं बोलणारा काही सापडेना. तू केबल बदलल्यास. विजेचा पुरवठा देणारा डबा बदललास. मेमरीच्या पट्ट्यांची परीक्षा घ्यायचा एक प्रोग्राम असतो, तो तू जेवणं झाल्यावर लावून झोपायचीस. सकाळी सगळं हिरवंगार. एकदा तपासणी रविवारी लावलीस तर एकही चूक नाही. मी म्हटलं, "रविवारची सुट्टी घेतली तिनं, सरकारी आहे." तू हसली नाहीस. तुझ्या कपाळावर ती उभी आठी आली आणि तू नुसती मशीनकडे पाहत राहिलीस. तुला तेव्हा पायऱ्या चढताना दम लागू लागला होता. मी डॉक्टरचं नाव काढलं की तू म्हणायचीस, हे निस्तरलं की जाऊ.

त्याच दिवसांत एक डिस्क बिघडली. आणि नेमकी जैवंता आली.

जैवंता मुलचेऱ्याच्या पलीकडच्या जंगलगावातली. तिचं लग्न तू शूट केलं होतंस, रेल्याच्या गोंडी नाचात उडालेली धूळ कॅमेऱ्यातून काढायला तुला नंतर आठवडा लागला होता. आष्टी, गोंडपिपरी, चंद्रपूर अशा एसट्या बदलत ती सकाळीच दारात येऊन उभी राहिली. "जोहार, बाई," म्हणाली, पाणी प्यायली आणि सरळ मुद्द्यावर आली. "माहा बाबा गेला. आमच्या घरची सीडी पोट्ट्यांनं खेळून खेळून फोडली. तुमच्यापाशी बाबाचा आवाज आहे म्हणते सारे. मले तो पाह्यजे."

तू फाईल उघडायला गेलीस. मांडव दिसला, ढोल दिसले, जैवंता दिसली, आणि बापाला खुर्चीवर बसवलं तिथे पडदा थिजला. पुढे सरकेचना. ती फाईल त्याच बिघडलेल्या डिस्कवर होती आणि नेमका तेवढाच तुकडा वाचता येत नव्हता. जैवंता पडद्यावर थिजलेल्या आपल्या बापाकडे पाहत होती. मला तिच्याकडे पाहवेना.

मी तुला आतल्या खोलीत नेऊन म्हटलं, "नवी डिस्क लाव, बेरजेवरून काढ, पोरीले देऊन टाक. पाह्य कशी बसली ते." तू म्हणालीस, "बेरीज वाचताना जर मशीनच चुकत असन तं तिच्या बाबाच्या तोंडून भलतंच काई निंघन. आन नव्या डिस्कवर तेच लिहिल्या जाईन. मंग कुठून आणू?" बाहेर येऊन तू तिला तसंच सांगितलंस, अगदी सरळ. म्हणालीस, आवाज आहे, पण आधी मला मशीनचं दुखणं शोधू दे, थांबशील का? ती म्हणाली, "मी कुठी जाते? जंगलात नेटवर्क नाई, तं मले बोलावणारं बी कोणी नाई." आणि भाजी निवडायला घेतली.

दुपारी खाणीचा भोंगा झाला. आपल्याकडे भोंगा झाला की काय होतं हे मी इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं, कारण माझ्यापुरता त्याचा अर्थ चहा ठेवायची वेळ एवढाच होता. तू बोलता बोलता उठलीस, शोकेसच्या काचेवर तळहात दाबून धरलास आणि बोलतच राहिलीस. खाणीत सुरुंग उडाला, घर हललं, कपबशा किणकिणल्या. तू हात काढलास आणि पुढचं वाक्य सुरू केलंस. जैवंता मात्र भाजीची परात टाकून अंगणात पळाली होती.

"काय झालं व?" तू विचारलंस.

"मलेच विचारता? धरती हालली ना!"

"ते रोजचंच आहे. ब्लास्टिंग."

"रोज?" ती दारातूनच आत डोकावली. "आन तुमी कपाटाले काऊन धरता मंग?"

"कपबशा पडतात ना."

तुझा हात अजून काचेजवळच होता. तू कपबशांकडे पाहिलंस, मग त्यांच्या खाली, जिथे मशीन होतं. मग माझ्याकडे. तुझा तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही, मंदा. वर्षानुवर्षं तू कपबशांना धरत आलीस, मी चहा ठेवत आलो आणि खालच्या कप्प्यात लोकांची लग्नं हादरत होती! घुग्घुसात राहणाऱ्या माणसालाच अशी चूक करता येते. रविवारी खाणीत ब्लास्टिंग नसतं. रात्री नसतं. तुझ्या सगळ्या परीक्षा नेमक्या अशाच वेळी झाल्या होत्या.

तू मशीन उघडलंस. मेमरीची एक पट्टी धरून ठेवणारी क्लिप एका बाजूने तुटली होती आणि खाचेत कोळशाची बारीक भुकटी बसली होती. पट्टी बोटाने हलत होती. मी म्हटलं, सापडलं, चला. पण तू कसली ऐकतेस! आधी पुरावा पाहिजे म्हणालीस. तशीच पट्टी ठेवून दुसऱ्या दिवशी मुद्दाम भोंग्याच्या आधी मेमरीची परीक्षा लावलीस. आपण तिघं मशीनसमोर रांगेत बसलो, जैवंता कानावर हात ठेवून. सुरुंग उडाला आणि हिरव्या पडद्यावर लाल ओळी धडाधड यायला लागल्या. "हा पाहा चोट्टा!" तू ओरडलीस आणि खोकत खाली बसलीस. पाणी पिऊन परत उठलीस.

चंद्रपूरहून नवी पट्टी आणली, ती चांगल्या क्लिपच्या खाचेत बसवली, मशीन शोकेसमधून काढून भिंतीशी जाड रबरावर ठेवलं. पुन्हा भोंग्याच्या वेळी परीक्षा, पडदा हिरवाच. मग नवी डिस्क लावलीस आणि बेरजेवरून ती भरायला सोडलीस. मधल्या महिन्यांत मशीनमध्ये भरलेली लग्नंही तू सोडली नाहीस. कॅमेऱ्याची कार्डं तू अजून पुसली नव्हतीस, त्यांच्याशी एकेक फाईल लावून पाहिलीस आणि दोन बिघडलेल्या फाईली परत भरल्यास. कुणी तुला सांगितलं नव्हतं. कुणाला कधी कळलंही नसतं.

जैवंताची फाईल उघडली तेव्हा मी मुद्दाम लांब उभा होतो. थिजलेला म्हातारा हलला. खुर्चीत सावरून बसला. कॅमेऱ्यामागून तुझा तरुण आवाज आला, "पोरीले काय सांगता, बाबा?" तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "घर तुयंच आहे. राग आला तं येजो. नाई आला तं बी येजो." एक अक्षर तुटलं नाही. जैवंता रडली नाही. तिने पडद्याला हात लावला आणि म्हणाली, "आली होती मी, बाबा. राग नवता आला."

एकदा, फक्त एकदा जरी तू माझं ऐकून ती खूण तशीच राहू दिली असतीस, तर त्या बेरजेत भलत्या जागी भलतं काही लिहिलं गेलं असतं आणि कदाचित नेमकं तेच वाक्य फाटलं असतं. महिनोन्‌महिने मी कटकट करत होतो, मशीन स्वतः दुरुस्त करते म्हणत होतं, आणि तू एकटी हटून बसली होतीस. मला त्या दिवशी तुझा फार अभिमान वाटला. पण मी एवढंच म्हटलं, "जमलं बा तुले." तू म्हणालीस, "तुमच्या तोंडून एवढं म्हणजे लय झालं." तुला सगळं पोचलं होतं, हे मला माहीत आहे. तरी आज पूर्ण वाक्यात लिहून ठेवतो: मंदा, मी तुझा नवरा आहे, हे सांगताना माझी छाती आजही फुगते.

डॉक्टरकडे गेलो तेव्हा हृदय बरंच थकलेलं निघालं. त्या विषयावर मी जास्त लिहिणार नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, मुद्द्याचं बोला.

तर मुद्द्याचं. तू शूट केलेल्या शेवटच्या लग्नाची कॅमेऱ्याची कार्डं, भद्रावतीच्या त्या जुळ्या बहिणींची, तू दवाखान्यात जाताना टेबलावर ठेवून गेली होतीस. पुण्यानुमोदनाच्या सकाळी मी ती मशीनमध्ये भरायला लावली. घरात पाहुणे, मला कुठे तोंड लपवावं कळेना, म्हणून तेवढं काम हातात घेतलं. मांडववाल्याने साउंडबॉक्ससाठी बोर्डावरची पिन काढली आणि मशीन धाडकन बंद पडलं. मी त्याच्यावर इतका ओरडलो की भन्तेजींनी वळून पाहिलं.

विलास भांडी घेऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तपासणी लावली. पडद्यावर चौकट आली, खूण केलेली. मी ती काढली. संध्याकाळी चुका दिसल्या. मंदा, मला वाटलं, तू गेलीस आणि महिन्याच्या आत मी घालवलं सगळं. मग तुझ्यासारखं मोठ्याने विचारलं, "कोण खोटं बोलून राह्यलं?" घरात कुणी नव्हतं, ते बरं झालं.

चुका झाल्या त्या जागा कागदावर उतरवल्या. मेमरीची परीक्षा घेतली, भर दुपारी, भोंगा होत असताना, मशीनवर नजर ठेवून. हिरवी. परत तपासणी लावली, परत खूण काढून. पुन्हा चुका, पण या वेळी अगदी त्याच जागी, एकही इकडची तिकडे नाही. तेव्हा उमगलं. फिरणारी चूक असेल तर वाचणारा खोटा. जागची न हलणारी चूक असेल तर लिहिणं अर्धवट राहिलंय. वीज गेली तेव्हा लग्न डिस्कवर उतरलं होतं आणि त्याची बेरीज मागे राहिली होती. तरी त्या जुळ्या बहिणींची एकेक फाईल कार्डाशी लावून पाहिली. सगळ्या जुळल्या. मग मी त्या चौकटीत खूण केली आणि मशीनला बेरीज लिहू दिली. त्यानंतरच्या तपासणीत शून्य आलं. मी पडद्यासमोर उभा राहून त्या शून्याकडे पाहतच राहिलो, चहा उतू गेला.

काल तुझ्या मोबाइलवर फोन आला. गोंडपिपरीकडची कुणी बाई होती, आवाजावरून वयस्कर. तुझ्याशी बोलायचं म्हणाली. नवरा गेला, लग्नाची कॅसेट घराच्या ओलीने गेली, शूटिंगवाल्या बाईकडे मिळेल असं कुणीतरी सांगितलं. मी म्हटलं, "बाई नाई राह्यल्या हो आता. मी त्याइचा घरवाला बोलून राह्यलो."

ती हळूच म्हणाली, "मंग आमचं लगन बी गेलं का?"

"नाई गेलं," मी म्हटलं. "आहे माह्यापाशी. कधी बी या."